आठव्या दिवसाचं पाणी

ड्रम आडवा झाला तेव्हा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर बसून तुरीची डाळ पाखडत होत्या. आशाताई आणि तिच्यासोबत आलेला आरोग्य खात्याचा मुलगा, दोघांनी मिळून तो निळा ड्रम कलता केला आणि दीडेकशे लिटर पाणी शहाबादी फरशीवरून पसरत पायरीवरून खाली गल्लीत गेलं. जून संपत आला होता, मृग कोरडा गेलेला, नळ येऊन सहा दिवस झालेले आणि पुढचा नळ आठव्या दिवशी येतो का दहाव्या, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. त्या मुलानं आधी टॉर्च मारून आत बघितलं, "मॅडम, अळ्या आहेत" म्हणाला, मी पण वाकून बघितलं, मला दिसल्या आणि मी "ओता" म्हणाले. एवढंच म्हणाले. आत्यांनी सूप खाली ठेवलं, बोलल्या काहीच नाहीत. ते दोघं पुढच्या घरी गेल्यावर उठल्या, न्हाणीतलं फडकं आणलं आणि फरशीच्या खोलगट जागेत जेवढं पाणी थबकलं होतं तेवढं टिपून बादलीत पिळायला लागल्या. टिपायचं, पिळायचं, परत टिपायचं. अर्धी बादली झाली. ते गढूळ पाणी थोडं तुळशीला, उरलेलं दारातल्या लिंबाला घातलं. संध्याकाळी मला चहा दिला, नेहमीसारखाच दिला, स्वतः मात्र घेतला नाही.

फडकं पिळल्याचा तो आवाज नंतर कितीतरी दिवस मला झोपायच्या वेळी ऐकू यायचा.

ती दोघं चुकली असं मी म्हणतच नाही. कंटेनर सर्वे, म्हणजे घरोघरचं साठवलेलं पाणी अळ्यांसाठी तपासणं, त्यांचं काम आहे, उन्हातान्हात घरोघर फिरून लोकांची बोलणी खात ते काम करतात. आणि मी तर स्वतः शाळेत विज्ञान शिकवते, डासाचा जीवनक्रम मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेला आहे, अंडी, अळी, कोष, डास, गोल बाण, सगळं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो आणि दिवसा चावतो हे माझ्या वर्गातल्या पोरांना पाठ आहे. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत उन्हाळी हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात, हेही पाठ आहे. पण फळ्यावर लिहिलेला तो 'सात ते दहा दिवस' आणि आमच्या घरच्या कॅलेंडरवर नळाच्या तारखांना केलेले गोल, या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या. आमच्या गावात नळ आठ दिवसांनी येतो. म्हणजे आज भरलेलं पाणी पुढच्या नळापर्यंत बरोबर तेवढंच थांबतं जेवढं डासाला लागतं. एकही दिवस कमी नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून वाळवा, असं भिंतीवर रंगवलेलं असतं आणि ते बरोबरच आहे, पण ज्याच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी नळ येणार आहे त्यानं रिकामं करणं आणि ज्याच्या घरी कधी येणार हेच माहीत नाही त्यानं रिकामं करणं, यात फार फरक आहे हो. ओतताना हात उचलत नाही.

हा ड्रम आमच्या घरात कधी आला ते मला नीट आठवतं. २०१६. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष, १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर, आणि गाडीला नाव दिलं होतं जलदूत. पाण्याच्या टाक्यांवर भांडणं नकोत म्हणून लातुरात त्याच्याआधीच जमावबंदी लावली होती. आमचं गाव लातूरपासून तासाभराच्या अंतरावर, आमच्याकडं गाडी नव्हती, टँकर होते आणि टँकरचं पाणी हंड्याकळशीत बसत नाही. टँकर पाच मिनिटं थांबतो, तेवढ्यात जेवढं घेता येईल तेवढं घ्यायचं. तेव्हा सगळ्या गल्लीनं २०० लिटरचे ड्रम घेतले, कुठल्याकुठल्या कारखान्यातून आलेले, आधी त्यात काय होतं देव जाणे, आठ दिवस साबण लावून धुतले तरी वास जाईना. आमच्याकडं तीन आले. दुष्काळ गेला, धरण भरलं, पाऊस चांगला झाला तरी ड्रम काही गेले नाहीत, अंगणात भिंतीला टेकून उभेच आहेत.

त्याच्या आधी पाणी कसं ठेवायचे ते आत्या सांगतात. पितळी घागरी, तांब्याचा हंडा, न्हाणीत एक रांजण जमिनीत अर्धा पुरलेला. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे शिळं पाणी काढून टाकायचं. जास्वंदीला घालायचं, जनावरांना पाजायचं, अंगणात सडा टाकायचा. मग चिंच आणि राख लावून हंडा घासायचा, पालथा घालायचा, उन्हात दोन मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग विहिरीचं ताजं भरायचं. 'शिळं पाणी' हा शब्द भाकरीसारखाच रोजचा होता. रात्रीचं पाणी सकाळी शिळं. कुणी डासासाठी करत नव्हतं ते, रीतच तशी होती, पण विचार केला तर रोज घासलेल्या, रोज पालथ्या घातलेल्या हंड्यात डासाचं अंडं टिकणार कसं? डेंग्यूच्या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. पाणी नुसतं ओतून दिलं तरी अंडी तशीच चिकटून राहतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि परत पाणी त्यांच्यापर्यंत चढलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं. चिंच आणि राख. ड्रम आले आणि पाणी आठ-आठ दिवस ठेवायची वेळ आली तेव्हापासून आमच्या घरात पाण्याला शिळं म्हणायचं बंद झालं. ते बोलून परवडणारच नव्हतं. तळाला वीतभर पाणी राहिलेलं असायचं, त्याच्यावरच नवीन भरायचं, कारण तळाचं फेकणं म्हणजे पाप.

आत्यांना किड्यांमधलं कळत नाही असं कुणी म्हणलं तर मी भांडेन. ढेकणांशी त्यांनी जन्मभर लढाई केलेली आहे. जुनं माळवदाचं घर होतं तेव्हा बाजा होत्या सुतळीच्या आणि एक सागवानी पलंग, त्यात ढेकूण. लग्न होऊन आले तेव्हा मला तो पलंग मिळाला होता. पहिल्या आठवड्यात अंगावर ओळीनं लाल गांधी उठल्या, मी लाजेनं कुणाला सांगितलं नाही, त्यांनी माझा हात धरून बघितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंग अंगणात. दर सांध्यात, दर खिळ्याच्या भोकात उकळतं पाणी. चादरी पातेल्यात उकळलेल्या. भिंतीच्या भेगा शेण-मातीनं लिंपलेल्या. आणि हे एकदा करून थांबल्या नाहीत, आठ-दहा दिवसांनी परत, मग परत, कारण अंडी राहिलेली असतात म्हणायच्या. "ढेकूण अंगावर हुडकू नये, सांध्यात हुडकावा." हे त्यांचं वाक्य. धान्याचंही तसंच, ज्वारीला टोके लागायच्या आधी चैत्रात गच्चीवर कडक ऊन द्यायचं, पूर्ण गार झाल्यावरच पोत्यात भरायचं, मधे मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला. गरम गरम भरलं तर आत ओल सुटते आणि टोके लवकर होतात. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. शेजारच्या एका घरात धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या आणल्या होत्या, त्या ओल लागली की गॅस सोडतात आणि बंद खोलीत माणूस मरू शकतो, त्याच्यावर उतारा नाही. मी हे सांगायच्या आधीच आत्यांनी त्या बाईला ठणकावलं होतं, पोरं झोपत्यात त्या खोलीत हे ठिवायचं न्हाई. विज्ञान त्यांना कुणी शिकवलं नाही. पण किडा कुठं जन्मतो ते शोधायचं आणि तिथंच जायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

फक्त मच्छर गटारातून येतात हे त्यांनी पक्कं धरलं होतं.

आणि तेही खोटं नाही ना. रात्री कानाशी गुणगुणणारा जो असतो तो घाण पाण्यातलाच, तुंबलेल्या गटारातला, हत्तीरोग पसरवणारा. त्या गटारासाठी आत्या दोनदा भांडून आलेल्या आहेत. संध्याकाळी दारं लावून गोवरीच्या निखाऱ्यावर लिंबाचा पाला टाकून धूर करतात, सगळं घर खोकतं पण मच्छर जातात. पण डेंग्यूचा तो काळा, पायावर पांढरे पट्टे असलेला, तो त्या गटारात जातच नाही. त्याला आमच्या घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू लागते. ज्या पाण्यासाठी त्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जाग्या राहिल्या, जे कुणाला हात घालू दिलं नाही, ज्यातून घेताना वेगळा तांब्या ठेवला, ते पाणी. हे त्यांना कसं सांगायचं? मी एवढी वर्षं तोंडानं डासांचा धडा शिकवणारी बाई, मला ते वाक्य घरात बोलता येईना.

मागच्या दिवाळीत नणंद आली होती तिच्या मुलाला घेऊन, नऊ वर्षांचा आहे. येऊन दहा दिवस झाले असतील तेव्हा त्याला ताप भरला. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणायचा, पाठ दुखतीय म्हणून रडायचा. गल्लीत आणखी दोघं आजारी होते. लातूरला नेलं, रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही सगळे मोकळा श्वास घेतोय तर डॉक्टर म्हणाले आता खरी काळजी घ्यायचे दिवस, ताप उतरताना प्रकृती बिघडू शकते, पोट दुखलं, उलट्या झाल्या, लघवी कमी झाली तर लगेच सांगा. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आपल्याकडं ताप उतरला की माणूस बरा झाला असं धरतात. प्लेटलेट अडतीस हजारावर आलेल्या, नातेवाईकांचे फोन, कुणी पपईच्या पानाचा रस सांगतंय, कुणी शेळीचं दूध, माझे दीर रात्री मोटारसायकलवर शेळीच्या दुधासाठी दोन गावं फिरून आले. डेंग्यूवर असं खास औषध नाही, पाणी-सलाईन, तापाला पॅरासिटॅमॉल आणि बारीक लक्ष, एवढंच. पोरगा वाचला. आत्या त्या दिवसांत दवाखान्याच्या व्हरांड्यात पोतं टाकून झोपल्या आणि घरी आल्यावर आधी गटार बघायला गेल्या.

नगरपरिषदेची गाडी मग धूर मारून गेली. पोरं त्या धुराच्या मागं पळत होती, आम्ही पण लहानपणी पळालोय. धुरानं उडणारे डास मरतात, तेही बाहेरचे, हा डास घरात कपाटामागं, बाजेखाली, टांगलेल्या कपड्यांत बसलेला असतो, आणि ड्रममधल्या अळीला तर धूर पोचतच नाही. शिवाय हा फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे आपल्याला चावलेला आपल्याच गल्लीतला, नाहीतर आपल्याच घरातला. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी त्या दिवाळीनंतर मी ड्रममध्ये टॉर्च मारून बघितलं नाही. का नाही बघितलं, याचं उत्तर मी अजून शोधतेय. भीती वाटली असेल काय दिसेल याची.

आत्या लहान असताना त्यांच्या गावात डीडीटीवाले यायचे. भिंतींवर फवारायचे, दारावर खडूनं तारीख लिहून जायचे. पहिल्या वर्षी ढेकूणसुद्धा मेले म्हणून सगळे खूश, नंतरच्या वर्षांत ढेकूण मरेनात, वास तेवढा राहिला, मग आत्यांची आई ते लोक गेले की दुसऱ्या दिवशी भिंती सारवून टाकायची. त्या शेणाखाली सगळं औषध गेलं. आत्या हे हसत सांगतात, मला मात्र ऐकताना वाईट वाटतं, कारण ते लोकही खरंच हिवताप घालवायलाच येत होते आणि त्या माउलीलाही घर स्वच्छच ठेवायचं होतं. हिवताप मच्छरातून येतो याचा शोध आपल्या मराठवाड्यावर निजामाचं राज्य होतं तेव्हा त्याच राज्यात लागला, सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉसला मच्छराच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. त्याला आता सव्वाशे वर्षं उलटून गेली आणि अजूनही औषध घेऊन येणारा माणूस आणि घरातली बाई यांच्यात नीट बोलणं होत नाही. ड्रम ओतला त्या दिवशीही तेच झालं. कुणी आत्यांना वाकून दाखवलं नाही. मी पण नाही.

ओतायच्या आधी त्या मुलानं थोड्या अळ्या काचेच्या बाटलीत काढल्या होत्या, त्या मी शाळेत दाखवायला म्हणून मागून घेतल्या. तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा रबरानं बांधला आणि बाटली खिडकीत ठेवली. आत्यांचा मोतीबिंदू काढलेला आहे, चष्मा आहे, निळ्या ड्रमच्या अंधारात त्यांना त्या कधीच दिसल्या नसत्या. पण खिडकीच्या उजेडात काचेतून दिसत होतं, डोकं खाली, शेपटी वर करून पाण्याच्या कडेला लटकलेल्या, शेपटीतल्या नळीनं श्वास घेतात त्या, बाटलीला बोट लागलं की वळवळत तळाला जातात आणि परत वर येतात. आत्या येता-जाता बघायच्या. विचारत काही नव्हत्या. दुसऱ्या दिवशी काहींचे स्वल्पविरामासारखे कोष झाले. त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी मी डबा भरत होते तर खिडकीपाशी आत्या उभ्या, चष्मा कपाळावर, बाटली डोळ्याशी धरलेली. ओढणीच्या आतल्या बाजूनं चार मच्छर बसले होते. काळे, पायावर पांढरे पट्टे.

"ह्ये त्याच पाण्यातले?"

मी हो म्हणाले.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बाटली परत खिडकीत ठेवत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दिवाळीला पोराला बी ह्येच चावले आसतील का गं?"

मी हातातलं झाकण तसंच धरून उभी राहिले. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं मला तरी कुठं माहीत होतं. म्हणलं, आत्या, गल्लीत सगळ्यांकडं ड्रम आहेत, कुठल्या घरचा चावला ते कुणालाच सांगता येत नाही. हे खरं होतं. त्यांनी मान हलवली. पण त्यांनी ऐकलं ते वेगळंच ऐकलं असं मला वाटलं, आणि त्या दिवशी शाळेत माझं लक्ष लागलं नाही.

त्यानंतर काय बदललं ते सांगते, कारण आमच्यासारखी पाण्याची वाट बघणारी घरं पुष्कळ आहेत. पाणी साठवायचं थांबलं नाही, थांबणारही नाही. आधी मी तीन ड्रमचे नंबर केले, एका वेळी एकच वापरायचा, तो संपेपर्यंत दुसऱ्याला हात नाही. प्रत्येकाच्या तोंडाला आत्यांच्या जुन्या लुगड्याचा दुहेरी तुकडा, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून करकचून बांधलेला, कारण ड्रमचं प्लास्टिकचं झाकण कधीच नीट बसत नाही आणि मच्छराला बोटभर फट पुष्कळ झाली. रिकामा झाला की काथ्या आणि राख, आतून, विशेषतः जिथपर्यंत पाणी असतं तिथली रेष. तळाचं वीतभर पाणी फडक्यातून गाळून भांड्यांना, फडक्यात राहिलेलं झाडाच्या कोरड्या मातीत झटकायचं, गटारात नाही, मातीत अळ्या वाळून मरतात. मग ड्रम उन्हात पालथा. संडासाच्या सिमेंटच्या टाकीत गप्पी मासे आणून सोडले, ते अळ्या खातात. आशाताई देते ते टाकीत टाकायचं औषध आम्ही वापरायच्या पाण्यात घेतो, ठरलेल्या मापात पिण्याच्या पाण्यालाही चालतं म्हणतात पण आत्या पिण्याच्या हंड्यात घालू देत नाहीत आणि मीही आग्रह केला नाही, हंडा परत रोज घासला जातो, तेवढं पुरे. कूलरचं मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आपण मृगाला कूलर बंद करतो, पाणी काढतो आणि तसाच माळ्यावर टाकतो. टबाला आणि गवताला अंडी असली तर ती पुढच्या मार्चपर्यंत वाट बघू शकतात. या वर्षी गवत जाळलं आणि टब घासून ठेवला. फ्रिजच्या मागं खाली पाणी साचतं तो ट्रे पण बघा, आमच्या ट्रेमध्ये अळ्या होत्या, आणि तो फ्रिज देवघराला लागून आहे.

परवा रात्री पावणेतीनला नळ आला. आधी नुसती हवा फुसफुसते, मग लाल पाणी, मग चांगलं. पाऊण तास येतो, त्यात चार घरांच्या मोटारी लागलेल्या, त्यामुळं धार बारीक होत जाते, एकेक मिनिट मोजावं लागतं. मी पाईप घेऊन पळत अंगणात आले आणि ड्रममध्ये टाकणार तेवढ्यात आत्यांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातात टॉर्च. कंबर धरून वाकल्या आणि डोकं, खांदे, सगळं ड्रमच्या आत. बाहेर फक्त लुगड्याचा काष्टा आणि आतून घुमत येणारा आवाज, "थांब. हितं कड राहिलीय."

आतून काथ्या घासल्याचा आवाज यायला लागला. पाईपमधून पाणी फरशीवर पडायला लागलं होतं. मी पाईप मुडपून दोन्ही हातांनी घट्ट धरला.